तात्पुरत्या जागी ठेवलेलं पुस्तक

६ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

इतक्या वर्षांनी ई-मेलवर पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही, कोणाचं लग्न नाही आणि प्रिंटरही बिघडलेला नाही. प्रिंटरचा उल्लेख मुद्दाम केला, म्हणजे तू आधी हसशील आणि मग वाचशील. तू माझ्या संगणकात लिनक्स नावाची प्रणाली घालून दिलीस, पेंग्विनचं चित्र दाखवलंस, "आता तू कुणाचा मिंधा नाहीस" म्हणालीस आणि गेलीस. त्यानंतर मी त्या प्रिंटरशी भांडलो आणि तो जिंकला. मी गुपचूप जुन्या प्रणालीकडे परत गेलो. तुला कळलं तेव्हा तू कितीतरी महिने माझ्याशी बोलली नव्हतीस. आतेबहीण-मामेभावाचा अबोला घरावरून, जमिनीवरून झालेला ऐकला आहे. संगणकाच्या प्रणालीवरून झालेला आपलाच.

आता मला परत यायचंय. या वेळी वरवर नाही. मुळापासून, नीट शिकायचंय.

कारण एकदाच सांगतो, आणि त्यावर तू हळहळायचं नाहीस. माझे डोळे चाललेत. पडद्याचा मधला भाग झिजतोय, असं डॉक्टर म्हणतात. थांबवता येत नाही, फार तर थोडं रेंगाळवता येतं. कडेचं दिसतं. दार, खुर्ची, टेबलाचा कोपरा, सगळं जागच्या जागी. पण ज्या शब्दाकडे बघावं नेमका तोच पुसलेला, आणि शेजारचे शाबूत. आयुष्यभर शब्द बघून पोट भरलेल्या माणसाची यापेक्षा छान थट्टा मला सुचली नसती.

तुझ्या प्रणालीत ती काळी पाटी असते ना, जिच्यावर नुसते शब्द टंकायचे आणि उत्तरादाखल शब्दच येतात? चित्रं नाहीत, बाण नाहीत. जिथं शब्द आहेत तिथं ते वाचून दाखवणारा आवाजही बसवता येईल. बोटांना कळफलक पाठ आहे. पण मला ती प्रणाली आतून माहीत हवी. डोळे गेल्यावर ती बिघडली तर "जरा बघा हो काय दिसतंय" असं मला कोणाला म्हणायचं नाही.

आणि एक पुस्तक आहे. नदीवरचा एक पूल बोटी आल्या की वर उचलावा लागायचा. तो उचलणाऱ्या रखवालदाराच्या बायकोनं लिहिलेलं. बारीक टाइप, पिवळी पानं, एकच आवृत्ती. आपल्या भाषेत आण असं मला कोणीही सांगितलेलं नाही. कपडे धुण्याच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करताना वर्षानुवर्षं मी ते "निवांत झालो की करू" म्हणून बाजूला ठेवलं. निवांतपणा येण्याआधी डोळे निघाले. ते आहेत तोवर हे पुस्तक पुरं करायचंय. मला दुसरं काही नको आहे.

हिला सांगितलेलं नाही. बाबा अंथरुणाला खिळले होते ती सगळी वर्षं तिनं कशी काढली, तू पाहिलंयस. आत्ता कुठे ती पोहायला जायला लागली आहे. ओले केस घेऊन घरी येते आणि कारण नसताना हसते. मला तिचा दुसरा पेशंट व्हायचं नाही.

शिकवशील?

तुझा,
बोका

•

९ फेब्रुवारी

प्रिय बोक्या,

हळहळत नाही. एकच वाक्य लिहू दे: वाईट वाटलं. झालं.

वहिनीपासून लपवणं मला पटलेलं नाही. पण तू माझं कधी ऐकलंयस? साय चोरून खायचास आणि ओठ न पुसता "मी नाही" म्हणायचास, तो तू. म्हणून तर बोका.

शिकवते. मात्र माझ्या पद्धतीनं. आधी शिकायचं ते "मी कुठे आहे?" हे विचारायला. त्यासाठी एक छोटा हुकूम आहे, खाली दिलाय. अनोळखी अंधाऱ्या खोलीत शिरलेला माणूस आधी हेच विचारतो. दुसरा हुकूम, "इथं काय काय आहे?" तिसरा, "तिकडे चल." एवढ्या तीन हुकमांवर महिनाभर फीर. बाकीचं घाईनं शिकू नकोस. मागच्या वेळी तू पहिल्याच आठवड्यात प्रिंटरला हात घातलास.

लक्षात ठेव, काम नीट झालं की ही प्रणाली काहीच बोलत नाही. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. चुकलं तरच तोंड उघडते. मला ती आवडते ती यामुळेच.

प्रत्येकाला तिथं स्वतःचं एक घर असतं. तुझ्या नावाचा फोल्डर. त्यात पसारा करू नकोस. मी इस्पितळाच्या यंत्रखोलीत इतकी वर्षं डॉक्टरांपासून लेखनिकांपर्यंत सगळ्यांचा पसारा आवरतेय. घर बघून मी माणूस ओळखते.

आणि यंत्राला घाबरू नकोस. आमच्याकडे एक म्हातारी आहे, रक्ततपासणीचे निकाल सांभाळणारी. सहा-सात वर्षांत ती एकदाही बंद झालेली नाही. पंखे बदलले, तबकड्या बदलल्या, सगळं ती चालू असतानाच. तिच्या शेजारी उभं राहिलं की मला बरं वाटतं. माणसांच्या शेजारी असं हल्ली होत नाही.

लिही.

मुंगी

•

२ मार्च

प्रिय मुंगे,

घरातून निघतो, दोन दारं ओलांडतो, "मी कुठे आहे" विचारतो आणि परत येतो. निवृत्त माणसं फिरायला जातात तसं. आता तर न विचारताही कळतं.

वाचणारा आवाज बसवला. सर्दी झालेल्या कारकुनासारखा बोलतो. विरामचिन्हंसुद्धा हजेरी घेतल्यासारखी उच्चारतो. मी त्याला कारकूनच म्हणतो. पहिल्या दिवशी कान किटले, आता त्याचा वेग वाढवत नेलाय. हिला वाटतं मी परदेशी बातम्या ऐकतो.

सरावासाठी पडद्यावर टॉवेल टाकतो. हिनं विचारलं, हे काय? म्हटलं, उजेडानं डोकं दुखतं. "मग दिवा लावून कशाला बसता?" म्हणाली आणि दिवा मालवून गेली. तेव्हापासून मी उजेडात टॉवेल आणि अंधारात पडदा अशा पेचात आहे.

सकाळी खिडकीपाशी ऊन असतं तेवढा वेळ भिंग घेऊन पुस्तक वाचतो. दोन-तीन वाक्यं मनात भरून घेतो, मग वळून टंकतो. सुरुवात आवडली बघ: "पूल वर असला की दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांकडे बघत उभी राहतात." बाईनं आयुष्यभर तेच पाहिलं. नवरा वर कळ दाबतोय आणि ही खाली थांबलेल्यांना पाणी देतेय.

एक तक्रार आहे. तुझी ती गप्प प्रणाली. काम झालं तरी गप्प आणि मेली तरी गप्प. टॉवेलखाली दोन्ही सारखंच. मी उगाच वाट बघत बसतो. यावर काही उपाय?

आणि काल यंत्रानं मला माझ्याच एका फाइलचा वाचायचा हक्क नाकारला. मी म्हटलं, बाबा रे, डॉक्टरांनी तो आधीच नाकारलाय.

बोका

•

१५ मार्च

प्रिय बोक्या,

हक्कांचं प्रकरण खाली समजावून लिहिलंय: वाचायचा, लिहायचा, चालवायचा, तिन्ही वेगळे. पाठ करू नकोस, करून बघ.

गप्पपणावर उपाय आहे. कुठल्याही हुकमाच्या मागे आणखी एक हुकूम जोडता येतो, पहिला सुरळीत झाला तरच चालणारा. त्याला "झालं" म्हणायला लाव. मग कारकून बोलेल: झालं. नाही बोलला तर समजायचं काहीतरी बिनसलंय. मला हे कधी करावं लागलं नाही, कारण मला दिसतं. तुझ्यामुळे पहिल्यांदाच लक्षात आलं.

यंत्र दिवसभर काय करतं त्याची रोजची नोंद ते स्वतःच ठेवतं. ती वाचायची सवय लाव. कंटाळवाणी असते, पण बिघाड तिथं आधी दिसतो.

प्रती कशा आणि कुठे जपून ठेवायच्या ते पुढच्या पत्रात. ते जरा निवांत लिहायला हवं. इकडे आवराआवर चाललीय, खोली पूर्वीपेक्षा शांत झाली आहे. मला वाटलं होतं शांतता मिळाली तर बरं वाटेल.

मुंगी

•

१९ एप्रिल

प्रिय मुंगे,

तुझं पुढचं पत्र आलं नाही, म्हणून मीच लिहितो. कामात असशील. इस्पितळ म्हटल्यावर दुसरं काय असणार!

"झालं" फार छान चाललंय. दिवसभर कारकून "झालं, झालं" करतो. परवा मी चहाचा कप खाली ठेवला तर हीसुद्धा म्हणाली, "झालं?"

नोंदी वाचतो. कंटाळवाण्या कुठे आहेत? कोण आलं, कोणाला दारातूनच परत पाठवलं, कोणी किती वेळा हाका मारल्या आणि कोणी उत्तर दिलं नाही. मला तर कादंबरी वाटते. आता मी हुकूम पाठ करत नाही. कशाला काय म्हणायचं असेल याचा अंदाज बांधतो, आणि दहातले सात बरोबर निघतात. तुझी भाषा मला येऊ लागली, मुंगे. म्हातारपणी नवी भाषा आली याचा मला कोण आनंद झालाय.

पुस्तक निम्म्याच्या पुढे गेलं. भिंग मोठं घेतलं. सकाळचं ऊन असतं तेवढीच आता माझी दृष्टी. ऊन सरकलं की मी उठतो.

आणि तुझी आज्ञा पाळली आहे, घर लखलखीत. पुस्तकाचा खर्डा घरात ठेवलेलाच नाही! हिंडता हिंडता पार मुळाशी एक फोल्डर सापडला, नाव टीएमपी. तीन अक्षरं, बोटांना सोपी. अर्थ, तात्पुरतं. खर्डा म्हणजे तात्पुरतंच की. पक्का झाला की वाजतगाजत घरात आणायचा. ज्यांनी ही नावं ठेवली ते मनानं भाषांतरकारच असणार. सगळं पुस्तक तिथं एका फाइलमध्ये आहे, आणि तुझ्या म्हातारीचा मान राखून माझंही यंत्र मी अजून एकदाही बंद केलेलं नाही. रात्री नुसतं निजवतो, सकाळी उठवतो, कारकून हजर.

एक विचारायचं राहिलं. पुस्तकभर कुठे मी "काठ" लिहिलंय, कुठे "तीर". एका फटक्यात सगळीकडे "काठ" करता येईल का?

बोका

•

२१ एप्रिल

बोक्या,

येईल. हुकूम खाली दिलाय, जसाच्या तसा टंक. घाईत आहे, शेवटची ओळ तेवढी वाचली. बाकी पत्र निवांत वाचते.

मुंगी

•

११ मे

मुंगे,

कारकून बसला. सकाळपासून एक शब्द नाही. "झालं"सुद्धा नाही. काल नव्या सुधारणा उतरवून घेतल्या होत्या, त्यानंतर हे. नोंदी वाचायच्या म्हटलं तर वाचणाराच गप्प. अक्षरं बोटाएवढी करून, नाक पडद्याला लावून हे लिहितोय. एका ओळीला फार वेळ लागतो. काय करू ते थोडक्यात सांग.

बोका

•

११ मे

बंद करून परत चालू कर. निम्म्या दुखण्यांवर आम्ही तेच करतो.

मुंगी

•

१३ मे

प्रिय मुंगे,

आवाज आला. कारकून कामावर रुजू. तुझे आभार.

डोळ्यांना जरा विश्रांती देतोय. काही दिवस लिहिलं नाही तर काळजी करू नकोस. पुस्तकाचं मग कधीतरी बोलू. तू जेवणखाण वेळेवर कर.

बोका

•

२ जून

प्रिय वन्सं,

तुमचा पत्ता यांच्या फोनमधून घेतला. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

हे बोलत नाहीत. जेवतात, अंघोळ करतात, विचारलं तर "हं" म्हणतात. सकाळी यंत्रापुढे जाऊन बसतात, बोटं कळफलकावर ठेवतात आणि तशीच ठेवून बसतात. टकटक ऐकू येत नाही. ऊन येतं आणि जातं. पुस्तक उशाखाली घालून ठेवलंय.

मी पिच्छा सोडला नाही तेव्हा परवा सांगितलं. यंत्र बंद करून चालू केलं आणि लिहिलेलं सगळं गेलं. तो फोल्डर यंत्र बंद झालं की आपोआप रिकामा होतो म्हणे. "मुंगीला कळवायचं नाही. तिच्या सांगण्यावरून केलं, ती जन्मभर मनाला लावून घेईल. शपथ घे," म्हणाले. मी मान हलवली. नाही म्हणून हलवली, वन्सं. त्यांना ती दिसली नाही.

डोळ्यांचं मला थंडीपासूनच माहीत आहे. मी चष्म्याची फ्रेम बदलली, चांगली लालभडक घेतली. हे माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "चहा गार होतोय." तेव्हा शंका आली. मग नीट बघायला लागले, तर माझ्या तोंडाकडे बघायचं असलं की हे माझ्या कानाकडे बघतात. म्हणजे तोंड कडेला येतं आणि थोडं तरी दिसतं. असं बघतात ते मला आवडायला लागलं होतं, खरं सांगते. मी जिन्याच्या पायऱ्यांना पांढऱ्या पट्ट्या लावल्या. कप एकाच जागी ठेवायला लागले. यांना वाटलं मी टापटीप झाले.

मला माहीत नाही असं त्यांना वाटावं म्हणून मीही नाटक केलं. ते लपवत होते, मी लपवलेलं लपवत होते. आता दोघंही दमलोय. मामंजींच्या वेळी मी दमले ती कामानं नाही. तेव्हा घरात कोणीच कोणाशी खरं बोलत नव्हतं, त्यानं दमले. हे मी यांना कधी सांगितलं नाही. काल सांगितलं. तर म्हणाले, "पोहायला जायचं थांबवू नकोस." आणि मग रडले. मीही.

तुम्हाला काम फार असतं, हे नेहमी सांगतात. एवढंच विचारते: गेलेलं परत मिळतं का? उरलेल्या नजरेत आता ती बारीक अक्षरं मावत नाहीत.

तुमची,
वहिनी

•

४ जून

प्रिय बोक्या,

वहिनीनं सगळं लिहिलंय. तिला रागावलास तर माझ्याशी गाठ आहे.

नाही मिळणार. मी खोटी आशा दाखवणार नाही. ते फक्त यंत्राच्या तेवढ्यापुरत्या आठवणीत होतं. वीज तुटली की ती आठवण पुसली जाते, मागे काही उरत नाही.

तुझं एप्रिलमधलं पत्र मी काल पूर्ण वाचलं. पहिल्यांदाच. तू मला सगळं सांगितलं होतंस, अगदी हौसेनं, फोल्डरच्या नावासकट. कुठल्याही शिकाऊ पोरानं ते वाचून बोंब मारली असती. ज्या बाईनं पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रती सांभाळल्या तिनं तुला प्रत ठेवायला शिकवलं नाही. "पुढच्या पत्रात" म्हणाले आणि ते पत्र लिहिलंच नाही.

तू समजत होतास तसं काम मला नव्हतं, बोक्या. तुझा समज होऊ दिला, कारण तो मला आवडत होता. इस्पितळानं सगळा कारभार बाहेरच्या एका कंपनीकडे दिला. मार्चपासून मी यंत्रं रिकामी करून एकेक बंद करत होते. ज्यांना बंद पडू द्यायचं नाही म्हणून उमेदीची वर्षं घालवली त्यांनाच. अकरा मेला ती म्हातारी राहिली होती. तिच्यापुढे उभी असताना तुझं पत्र आलं. मी दिवसभर तोच एक हुकूम देत होते, तुलाही तोच दिला. तुझं पुस्तक आमच्या यंत्रांबरोबर गेलं.

त्यानंतर मी घरी आहे. संगणक उघडलेला नाही. भांडी घासते, झोप येत नाही, पुन्हा भांडी घासते. लोक विचारतात, आता काय करणार? मला राग येतो. कोणीतरी विचारावं, किती दमलीस?

वहिनी, हे तुम्ही बोक्याला वाचून दाखवत असाल तर इथं थोडं थांबा. मला अक्षरांचे फोटो काढणारं यंत्र घेऊन यायचंय. पुस्तकाची पानं त्यात घालू. छापलेली अक्षरं ओळखून त्यांची फाइल बनवणारा प्रोग्रॅम आहे. ती फाइल कारकून याला वाचून दाखवेल. हा ऐकेल आणि टंकेल. पहिल्यापासून करावं लागेल. त्याला इलाज नाही.

मला बोलावू नका. मी निघालेच आहे.

मुंगी

•

२४ ऑगस्ट

प्रिय मुंगे,

हे पत्र पडद्याशिवाय लिहितोय. पडदाच काढून टाकला. हिनं तिथं कुंडी ठेवली आहे. तिचं म्हणणं, या टेबलावर पहिल्यांदाच काहीतरी बघण्यासारखं आलं. मला कडेनं हिरवं दिसतं.

घरी पोचल्याचं कळवलंस, पण झोप लागते की नाही ते लिहिलं नाहीस. इथं आल्या आल्या बाहेरच्या खोलीत आडवी झालीस ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उठली नाहीस. हिनं मला दोनदा दाराशी पाठवलं. "कान चांगले आहेत ना तुमचे? मग ऐका, श्वास चालू आहे का." चालू होता. बऱ्यापैकी मोठ्यांदा.

माझ्या पुस्तकावरून तू स्वतःला खात बसतेस ते आता पुरे. तू पत्र वाचलं नाहीस हे खरं. मीही त्या फोल्डरची माहिती वाचली नव्हती. नावाचा अर्थ लावला आणि खूश झालो. ती माहितीची पानं आता मी पहिल्यापासून क्रमानं ऐकतो, एकही न गाळता. दुसऱ्याच ओळीत लिहिलंय की इथलं टिकेल असं धरून चालू नका. कारकुनानं ते वाचलं तेव्हा मी त्याला तीनदा परत वाचायला लावलं. राग आला, मग हसू आलं. कारकुनाचं बिऱ्हाड कुठे, त्याचा घसा कुठे, तो बसला तर कुठल्या हुकमानं उठतो, सगळं शिकलो. गेल्या आठवड्यात तो पुन्हा बसला होता. कोणालाही न विचारता, काही न दिसता, मी त्याला उठवलं. "झालं" म्हणाला. मीही म्हटलं, झालं.

प्रती तीन ठेवतो. एक घरात, एक हिच्या फोनमध्ये, एक रोज तुझ्याकडे येते ती. आणि यंत्र रोज संध्याकाळी बंद करतो. पहिल्यांदा आधी तिन्ही प्रती तपासून घेतल्या. सकाळी चालू केलं तर सगळं होतं. आता सवय झाली आहे. तू सकाळी किती वाजता उठतेस, हा प्रश्न मी यापुढे प्रत्येक पत्रात विचारणार आहे.

पण तुझा तो अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम या पुस्तकापुढे हरला. पिवळी पानं आणि छपाईचे झिजलेले खिळे, अर्ध्याअधिक ओळींचा नुसता काला. तू गेल्यावर चार दिवस मी तो काला ऐकला. मग एक दिवस ही पोहून आली आणि ओल्या केसांनीच शेजारी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "अक्षरं तर मला ओळखता येतात. भाषा येत नाही एवढंच ना? मी वाचते, तुम्ही समजून घ्या."

तेव्हापासून ती रोज वाचते. उच्चार असे की ती पुलावरची बाई थडग्यातून उठून बसेल. मी दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा ती चिडते. "लिहिलंय तेच वाचतेय मी!" मग शब्द सापडतो आणि मी टंकतो. वेग काही नाही, दिवसाला एखादं पान होतं. दोघंही दमतो. पहिलं वाक्य मात्र विचारावं लागलं नाही, ते बोटांना पाठ होतं.

आज जिथं आलो तिथं रखवालदार आजारी पडलाय आणि ही बाई पहिल्यांदा एकटी वर चढून पूल उचलते. मी ते प्रकरण हिला आधी सांगितलं नव्हतं. ही एका सुरात वाचत होती, एका अक्षराचाही अर्थ न कळता. मध्येच थांबली.

"इथं ती बाई रडतेय का हो?" म्हणाली.

मी म्हटलं, "तुला कसं कळलं?"

म्हणाली, "तुमची बोटं थांबली."

तुझा,
बोका